विमा आठ लाखांचा, हाती साडेतीन : भुसावळच्या एका बॅरिअ‍ॅट्रिक क्लेमचा हिशेब

भुसावळच्या एका कुटुंबाकडे दोन आरोग्यविमा पॉलिसी होत्या. एक बाईंच्या नोकरीतली, ३ लाखांची. दुसरी घरची, ५ लाखांची. बेरीज ८ लाख. बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियेचा अंदाज पावणेचार लाखांच्या आसपास. वरवर पाहिलं तर प्रश्नच नव्हता. पण या एका शस्त्रक्रियेसाठी दोन्ही पॉलिसींतून मिळून जास्तीत जास्त साडेतीन लाख निघू शकत होते, आणि तेही चार-पाच अटी एकाच वेळी जुळल्या तर. मी या भागात विमा सल्लागार म्हणून काम करतो. या क्लेमचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातून गेले. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पैशांचा हिशेब आहे तसा ठेवला आहे. बाईंना इथे ताई म्हणू.

ताई ४३ वर्षांच्या. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये हिशेब पाहतात, रोज भुसावळ-जळगाव अप-डाऊन. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, आणि सासरे यावल तालुक्यात केळी करतात. पगार महिना ३२,०००. उंची १५५ सेंटीमीटर, वजन साडेअठ्ठ्याऐंशी किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३६.८. मधुमेह नऊ वर्षांचा. तीन गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन घेऊनही एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.१. स्टेशनचा दादरा चढताना मध्ये दोनदा कठडा धरून थांबायच्या. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि घोरणं सुरू व्हायचं. डब्यातल्या बायका त्यावरून हसायच्या. पुढे या घोरण्यानेच क्लेम वाचवला.

नाशिकच्या सर्जनने बायपास सुचवली; हृदयाची नव्हे, जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवण्याची. मधुमेह जुना आणि इन्सुलिनवर गेलेला असेल तर अनेक सर्जन नुसतं जठर लहान करणाऱ्या स्लीव्हपेक्षा बायपासला झुकतं माप देतात. वैद्यकीय निर्णयात मी पडत नाही. पण ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना एका एजंटाने आधीच सांगितलं होतं की "हे कॉस्मेटिकमध्ये येतं, विम्यात बसत नाही". ही समजूत आपल्याकडे अजून सर्रास आहे, आणि ती जुनी झाली आहे.

पूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचा उपचार सरळ वगळलेला असे. आयआरडीएआय या विमा नियामकाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातलं सहा क्रमांकाचं कलम लठ्ठपणाचं. ते म्हणतं की पुढच्या सगळ्या अटी पुऱ्या होत नसतील तर खर्च मिळणार नाही : शस्त्रक्रिया डॉक्टरच्या सल्ल्याने हवी, ती मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून हवी, रुग्ण १८ वर्षांचा किंवा मोठा हवा, आणि बीएमआय ४० किंवा अधिक हवा. बीएमआय ४० नसेल तर निदान ३५ हवा, आणि सोबत चारपैकी एक आजार हवा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत वारंवार श्वास अडणं म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, किंवा आटोक्यात न राहणारा टाइप २ मधुमेह. शिवाय त्याआधी वजन कमी करण्याचे साधे उपाय करून झाले आणि उपयोग झाला नाही, हेही दिसायला हवं.

हे ४० आणि ३५ चे आकडे १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या वैद्यकीय सहमतीतले आहेत. डॉक्टर मंडळी केव्हाच पुढे गेली. भारतीय सर्जनांची शिफारस सोबत आजार असेल तर साडेबत्तीसपासून सुरू होते, कारण आपल्या लोकांना कमी बीएमआयलाच मधुमेह गाठतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनीही आपल्या रेषा खाली आणल्या. विम्याची रेषा मात्र जिथे होती तिथेच आहे. त्यामुळे "डॉक्टर म्हणतात गरज आहे" आणि "विमा कंपनी म्हणते बसत नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच रुग्णाबद्दल खरी असू शकतात. भांडायला जाण्याआधी हे डोक्यात असलेलं बरं.

ताई ३५ च्या वर होत्या, ४० च्या खाली. म्हणजे सगळा भार सोबतच्या आजारावर. मधुमेह होताच, पण इथे एक गंमत आहे. भूल देण्याआधी साखर खाली आणा, असं सर्जनने बजावलं होतं. ताईंनी मनावर घेतलं, इन्सुलिनचा डोस नीट बसवून घेतला आणि काही महिन्यांत एचबीए१सी ७.६ वर आणलं. डॉक्टर खूश. माझ्या पोटात गोळा. कलमात "आटोक्यात नसलेला" असं लिहिलंय, आकडा दिलेला नाही. क्लेम तपासणाऱ्याच्या टेबलावर ७.६ चा ताजा रिपोर्ट गेला तर तो काय अर्थ काढेल सांगता येत नाही. शस्त्रक्रियेची नीट तयारी करणारा पेशंट त्या तयारीमुळेच अपात्र ठरू शकतो, अशी ही रचना आहे.

मग ते डब्यातलं घोरणं आठवलं. छातीच्या डॉक्टरांनी रात्रभराची झोपेची तपासणी करून घेतली. झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर गेलं की तीव्र. कलमात "तीव्र स्लीप अ‍ॅप्निया" असे शब्दच आहेत आणि ३४ या आकड्याला फाटे फोडता येत नाहीत. तपासणीचा खर्च कुठेच मिळाला नाही, कारण दाखल होण्यापूर्वीच्या ज्या ठरावीक दिवसांतला खर्च पॉलिसी देते त्याच्या बराच आधी ती झाली होती. तरी या प्रकरणातले सर्वांत वसूल झालेले पैसे तेच.

"साधे उपाय करून झाले" याचा पुरावा शोधताना नाकी नऊ आले. ताईंनी दोन वेगवेगळ्या आहारतज्ज्ञांकडे महिनोन्‌महिने खेपा घातल्या होत्या, बट्टी आणि शेवभाजी सोडून कळण्याच्या भाकरीवर आल्या होत्या, पण फायली दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या. शेवटी मोबाइलमध्ये एका डाएट चार्टचा फोटो सापडला, वर तारीख आणि वजन. दुसऱ्या आहारतज्ज्ञाने आपल्या रजिस्टरवरून नोंदी काढून सही-शिक्क्याचं पत्र दिलं.

आता पॉलिसी. नोकरीतल्या विम्याचं ताईंकडे फक्त ई-कार्ड होतं, त्यावर ठळक ३ लाख. अटींचा कागद मागितला तर मिलचे मुनीमजी म्हणाले, "कार्ड दाखवा, चालतं." चालत नाही. समूह विम्यात नोकरी देणारा आणि विमा कंपनी मिळून स्वतंत्र अटी ठरवू शकतात, आणि त्या कार्डावर छापत नाहीत. खूप पाठपुरावा केल्यावर टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, दोन पानांचा तक्ता आला. बाळंतपण, मोतीबिंदू अशा ओळींच्या खाली एक ओळ होती : लठ्ठपणाची शस्त्रक्रिया, कमाल १ लाख. आणखी खाली : खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,०००. चांगली गोष्ट एवढीच की जुन्या आजारांना प्रतीक्षा नव्हती, म्हणजे क्लेमसाठी ठरावीक काळ थांबायची अट नव्हती.

घरची पॉलिसी मे २०२१ मध्ये घेतलेली. मधुमेह फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलेला, म्हणून त्याला ३६ महिन्यांची प्रतीक्षा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेलाही तेवढीच. मर्यादा विमा रकमेच्या निम्मी, म्हणजे अडीच लाख. पहिल्याच वर्षी ५ लाखांची घेतली होती हे बरं झालं. आधी ३ लाख घेऊन मागून वाढवली असती, तर वाढीव रकमेला प्रतीक्षा नव्याने लागली असती.

"तुमचा विमा किती लाखांचा?" हा प्रश्न अशा वेळी कामाचा नाही. या शस्त्रक्रियेला किती, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या खोलीत, हे विचारायला हवं. ताईंच्या बाबतीत तारीख होती मे २०२४. सर्जनने हिवाळ्यातच तयारी दाखवली होती. थोडं थांबलं तर चालेल का, असं त्यांना स्पष्ट विचारलं, त्यांनी चालेल म्हटल्यावरच थांबलो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मेला होती; सण झाल्यावर, पॉलिसीचं नूतनीकरण एक दिवसही न चुकवता, जूनची तारीख धरली.

या मधल्या काळात सल्ले देणाऱ्यांची कमी नव्हती. एक नातेवाईक म्हणाले, पित्ताशयाची शस्त्रक्रिया दाखवा, पूर्ण पाच लाख मिळतील. असं "अ‍ॅडजस्ट" करून देणारे भेटतात, हे खरं आहे. पण टाके कुठे, वापरलेल्या स्टेपलरची स्टिकरं कसली, सगळं केसपेपरवर असतं. खोटं उघडं पडलं तर क्लेम जातोच, फसवणुकीच्या कारणाने पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर कंपनीला जुन्या गोष्टी उकरता येत नाहीत, पण ते संरक्षणही फसवणुकीला लागू नाही. मी त्या वाटेने जाणाऱ्यांचे कागद हातात घेत नाही. सासरे, म्हणजे आप्पा, यांचा आक्षेप वेगळा होता : चालत्या-बोलत्या माणसाला कापायला कशाला न्यायचं? सर्जनने त्यांना समोर बसवून इन्सुलिनचा मुद्दा समजावला, तेव्हा ते निवळले.

धर्मादाय रुग्णालयातल्या सवलतीचीही चौकशी केली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ खाली अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३,६०,०००. ताईंचा नुसता पगारच ३,८४,०००. चोवीस हजारांनी दार बंद.

दोन पॉलिसी एकाच बिलावर चालतात का, हे मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं. चालतात. कोणती आधी वापरायची हे ग्राहकाने ठरवायचं, आणि एका पॉलिसीने तिच्या मर्यादेमुळे जी रक्कम दिली नाही ती दुसरीतून मागता येते; पहिलीची विमा रक्कम पूर्ण संपलेली असायला हवी असं नाही. हे कलम प्रमाणित पॉलिसीच्या मजकुरातच असतं, तरी कित्येक जण दुसरी पॉलिसी कपाटात ठेवून घरचे पैसे भरतात. आम्ही घरची पॉलिसी कॅशलेसला (कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते) लावली, कारण तिची मर्यादा मोठी आणि डिस्चार्जच्या दिवशी हातातून जाणारी रोकड त्यामुळे कमी. नोकरीतली नंतर रिएम्बर्समेंटला, म्हणजे आधी आपण भरून मग परत मागायला. त्यासाठी मूळ कागद एकीकडे गेल्यावर दुसरीकडे द्यायला रुग्णालयाच्या शिक्क्याच्या प्रती आणि पहिल्या कंपनीचं सेटलमेंट लेटर लागतं. डिस्चार्जच्या दिवशीच मागून ठेवावं, नंतर नाशिकला पुन्हा चक्कर पडते.

खोलीवरून घरात थोडी वादावादी झाली. मालकांना वाटत होतं सिंगल रूम घ्यावी, ५,५०० भाड्याची. नोकरीतल्या पॉलिसीची मर्यादा ३,०००. फरकाचे अडीच हजार भरून टाकू, असा त्यांचा हिशेब. पण कात्री फक्त भाड्याला लागत नाही. सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग या सगळ्याला त्याच प्रमाणात लागते. ३,००० भागिले ५,५००, म्हणजे रुपयातले साधारण पंचावन्न पैसे मान्य. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावू नये असं नियामकाने सांगितलं आहे, तरी उरलेलंही कमी नसतं. त्यात खोली बदलली की बहुतेक रुग्णालयांचं अख्खं पॅकेजच वर सरकतं. दोघींची खोली घेतली, २,८०० ची.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. बिल ३,७८,४००. त्यात ग्लोव्ह्ज, किट, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबी २१,३००. उरलेल्या ३,५७,१०० पैकी घरच्या पॉलिसीने आपली मर्यादा, अडीच लाख, दिली. काउंटरवर भरायचे राहिले १,२८,४००.

हे पैसे कुठून आणायचे यावर ताईंचं आणि माझं एकमत झालं नाही. रुग्णालयातच एक वित्तकंपनीचा माणूस "बिनव्याजी" हप्ते घेऊन बसला होता. प्रक्रिया शुल्क आणि पहिला हप्ता आगाऊ धरला तर बिनव्याजी काही उरत नव्हतं. मी सोनेतारण सुचवलं. एक लाख काही महिन्यांत परत येणार होते, आले की फेडून मोकळं. आपल्याकडे बँका आणि पतसंस्था तासाभरात देतात. ताईंनी ठाम नकार दिला. "पाटल्या हातात दिसल्या नाही तर अख्ख्या गल्लीत बातमी होईल." त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून आजारपणाची आगाऊ रक्कम काढली. तिथे तेव्हा नियम होता : सहा महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा स्वतःची व्याजासह जमा, यांतलं जे कमी ते. मूळ वेतन १४,०००, म्हणून ८४,००० मिळाले. भिशीचे ३०,०००, बाकी १४,४०० मालकांनी केळीच्या पैशातून. निधीतून काढलेले पैसे परत भरता येत नाहीत आणि त्यावरचं पुढचं व्याज गेलं ते गेलं, म्हणून मला आजही सोनेतारण बरं वाटतं. पण गल्लीत राहायचं त्यांना होतं.

राहिलेला एक लाख सरळ येईल असं धरलं होतं. आला नाही. नोकरीतल्या पॉलिसीच्या कंपनीने क्लेम नाकारला. कारण एका ओळीचं : दाखल होताना बीएमआय ३४.८, अट पुरी होत नाही.

आकडा खरा होता. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे ताईंना जवळजवळ द्रव आहारावर ठेवलं होतं. यकृत आकाराने लहान झालं की दुर्बिणीतून काम करायला जागा मिळते, म्हणून हे बहुतेक ठिकाणी करतात. त्यात पाच किलो उतरले. दाखल करताना नर्सने वजन केलं, साडेत्र्याऐंशी. तेच डिस्चार्ज कार्डावर छापलं गेलं. कॅशलेसच्या फॉर्मवर ओपीडीतलं साडेअठ्ठ्याऐंशी होतं, म्हणून पहिल्या कंपनीकडे प्रश्न उठला नाही.

उत्तरात आरडाओरडा केला नाही, तीन कागद जोडले. ओपीडीचा तारखेचा केसपेपर, ज्यावर वजन, उंची, बीएमआय ३६.८ आणि त्याखाली शस्त्रक्रियेचा सल्ला. आहारतज्ज्ञाचा द्रव आहाराचा तक्ता, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनासह. आणि सर्जनचं पत्र : सल्ला ३६.८ वर दिला, वजनातली घट हा शस्त्रक्रियेच्या तयारीचाच भाग, उपचारपद्धतीत ती अपेक्षित आहे. वर एक परिच्छेद माझा : बीएमआय दाखल होण्याच्या दिवशीचाच धरावा असं कलमात कुठेही म्हटलेलं नाही, आणि मान्य वैद्यकीय पद्धत पाळा ही अट कलमाचीच आहे; ती पाळल्याबद्दल रुग्णाला शिक्षा कशी? कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. तिथे दाद लागली नसती तर पुढची पायरी पुण्याचे विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एका वर्षात जावं लागतं. तेवढी वेळ आली नाही. नवरात्राच्या सुमारास १,००,००० ताईंच्या खात्यात आले.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अशा पेशंटला मी सांगतो की डिस्चार्ज कार्डचा मसुदा टाइप होत असतानाच वाचा, आणि "सल्ला दिला तेव्हाचं वजन" ही ओळ तारखेसकट टाकून घ्या. रुग्णालयं नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांच्या लक्षात येत नाही.

बिलातले घरचे पैसे अखेर २८,४०० राहिले. रुग्णालयाबाहेरचा खर्च मात्र लोक धरतच नाहीत. झोपेची तपासणी आणि आधीच्या चाचण्या १४,०००. नाशिकच्या खेपा, सोबतच्यांचं राहणं-जेवण १७,०००. पहिल्या वर्षाचे प्रोटीन, जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम, बी-१२ ची इंजेक्शनं, रक्ततपासण्या मिळून ४२,०००. म्हणजे पहिल्या वर्षी खिशातून १,०१,४००. बायपासनंतर या गोळ्या जन्मभराच्या, आणि दरमहा औषधांचा खर्च त्यांची पॉलिसी देत नाही. समोरच्या पारड्यात इन्सुलिन आणि दोन गोळ्या बंद झाल्या, ती बचत महिन्याला बऱ्यापैकी आहे. वजन ६४ वर आलं. आप्पा आता मळ्यात पाहुणे आले की सुनेचं इन्सुलिन कसं सुटलं ते स्वतःहून सांगतात.

गेल्या महिन्यात ताई नवा प्रश्न घेऊन आल्या. पोटावरची कातडी सैल होऊन लोंबते, उन्हाळ्यात घडीखाली चिघळते. ती काढायची तर विमा देईल का? सौंदर्यासाठी केलेली प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा आरोग्याला थेट धोका दूर करायला आवश्यक असेल आणि उपचार करणारा डॉक्टर तसं लिहून देईल, तरच मिळतं. त्यांना म्हटलं, आत्ताच काही ठरवू नका. चिघळलं की दरवेळी त्वचेच्या डॉक्टरकडे जा, घरगुती मलमावर भागवू नका, केसपेपरवर जागा, जंतुसंसर्ग आणि दिलेलं औषध लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. आणि या वेळी फाइल दिवाळीच्या साफसफाईतून बाजूला ठेवा.